सरांचं चौतीस

सोमवार, ६ मार्च

मुंगीला रडवलं आज. सगळ्यांसमोर.

रडली म्हणजे काय, एक थेंब बाहेर येऊ दिला नाही बयेने. पण पापण्या भराभर मिटताना मला दिसत होत्या. मी थांबले का? छे! एकदा चेव चढला की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

झालं असं. नव्या बॅचचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, शिकायचा पहिला दिवस. नेहमीप्रमाणे बांबू टेबलावर — डाव्या कुशीवर, शर्ट काढून, हसतमुख. नवरा असावा तर असा! दर बॅचला स्वतःची छाती उघडी टाकून झोपतो. उंच, काटकुळा, अंगावर चरबीचं नाव नाही, त्यामुळे पडद्यावर हृदय कसं स्वच्छ दिसतं. शाळेतल्या पोरांनी त्याला बांबू नाव ठेवलं ते उगाच नाही. भूगोल शिकवतो, त्यामुळे विनोदही तसलेच. "या, नकाशा वाचा! राजधानी डावीकडे आहे." या देशात हृदयावर संशोधन करणारा जो कोणी आहे, त्याने पहिलं हृदय पाहिलं ते माझ्या नवऱ्याचं.

प्रत्येकाने एओर्टा मोजायची. हृदयातून निघणारी मुख्य नळी. बांबूची चौतीस मिलिमीटर — पहिल्या बॅचच्या वेळी मी स्वतः मोजलेली, सहा वर्षांपूर्वी. बाकीच्यांनी मोजली. चौतीस, पस्तीस, चौतीस, तेहतीस. शाब्बास. मग मुंगीची पाळी. अठ्ठेचाळीस!

"माणूस आहे हा, हत्ती नाही," मी म्हटलं. सगळे हसले. बांबूही हसला. "काप तिरका घेतलास. काकडी तिरकी कापली की चकती लांबडी होते ना? तसं झालंय. पुन्हा घे."

पुन्हा अठ्ठेचाळीस.

मग मी जे बोलले ते इथे लिहायलाही जीभ... हात धजत नाही. तुमच्या जिल्ह्यात माणसं तपासता की गुरं, असं काहीतरी. शी! आईने ऐकलं असतं तर थोबाडीत दिली असती.

मंगळवार, ७ मार्च

माफी मागायची होती. मागितली नाही. ती माझ्या आधी येऊन बसलेली, दाराकडे पाठ करून. मी खोकले. ती उठून उभी राहिली. मग मी विचारलं, "छातीला लावायचं जेल संपलं का गं?" झाली माझी माफी!

मुंगी हे नाव रेडिओने ठेवलंय. रेडिओ आमच्याच युनिटमधला, अखंड सुरू असतो म्हणून तो रेडिओ. ती एवढीशी, आणि आली तेव्हा पाठीवर तिच्याहून मोठी बॅग. तिच्या जिल्ह्यात हृदय बघणारं कुणीही नाही. म्हणजे अक्षरशः कुणी नाही! छातीत धडधड होणाऱ्या बाईला ट्रकमध्ये मागे बसवून इथे पाठवतात, आणि पोचते ती पोचते. ही परीक्षा पास झाली तर हातात मावणारं इकोचं मशीन घेऊन परत जाईल. नापास झाली तर बॅग घेऊन.

आणि पास व्हायचं म्हणजे माझ्या आकड्याशी आकडा जुळायला हवा. नियम माझाच. परदेशातले पैसे देणारे एकच विचारतात — तुमच्या लोकांच्या मोजण्यात मेळ आहे का? बरोबरच आहे त्यांचं. दहा जणांनी दहा आकडे काढले तर कसलं आलंय संशोधन!

बांबू घरी म्हणाला, "पोरगी गुणी आहे. मशीनचं टोक छातीला टेकवायच्या आधी तळहातावर चोळून गरम करते. तुझ्या बाकीच्या पठ्ठ्यांनी सहा वर्षं मला गारठवलं."

गुरुवार, ९ मार्च

पुन्हा तेच. अठ्ठेचाळीस.

"हाताला वळणच नाही तुझ्या!" मी.

ती म्हणाली, अगदी हळू, "मॅडम, तुम्ही एकदा बघता का?"

मी पडदा बघत नाही, हात बघते. सगळ्यांना ठाऊक आहे. शिकणाऱ्याचा हात बरोबर पडला की चित्र आपोआप बरोबर येतं — इतकी वर्षं हेच सांगत आले. मी तिच्या मागे उभी राहते, मनगटाकडे बघत. पडद्याकडे माझी पाठ.

"मी बघितलंय," मी म्हटलं. "तू कॉलेजात डुलक्या घेत होतीस तेव्हा."

ती टोक पुसायला लागली. बांबूने तिच्याकडे बघितलं. विनोद केला नाही त्याने.

घरी आल्यावर मनाला लागून राहिलंय. केवढंसं मागितलं होतं तिने! मान वळवायची होती फक्त. पण नव्या पोरीने सांगितलं म्हणून मान वळवली तर उद्या सगळेच सांगतील. असं मी स्वतःला पढवतेय. पटत नाहीये.

शनिवार, ११ मार्च

परीक्षा झाली. मुंगी पास! चौतीस.

हात काय सुंदर फिरला तिचा. घाई नाही, थरथर नाही. टोक इंचभर सरकवलं, किंचित झुकवलं, थांबली, मोजलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बघा! रागावले म्हणून वळण लागलं की नाही?" छडी लागे छमछम, दुसरं काय. मशीन मी माझ्या हाताने दिलं. तिने दोन्ही हातांनी घेतलं आणि जमिनीकडे बघत थँक्यू म्हणाली. लाजाळू आहे.

तरी मला आनंद का होत नाहीये कोण जाणे. आठवडाभर त्या पोरीला पिंजून काढलं त्याचंच असेल.

निघताना ती बाहेर नळापाशी बांबूशी बोलत होती. तो शर्टाची बटणं लावत होता आणि मान खाली घालून ऐकत होता. तिचा ट्रक हॉर्न वाजवत होता तरी बोलतच होती. निरोप घेत असेल. माझा नाही घेतला!

रविवार, १२ मार्च

बांबू दिवसभर गप्प. सासूबाईंनी विचारलं, "काय रे, शाळेत काही झालं का?" म्हणाला, "परीक्षा जवळ आल्यात."

सोमवार, १३ मार्च

बांबूने रजा टाकली. चष्म्याचा नंबर काढायला गेला होता म्हणे. अख्खा दिवस? डोळेवाल्यांकडे गर्दी होती म्हणे. नंबर वाढला का विचारलं तर म्हणाला, "वाढलाय थोडा."

मंगळवार, १४ मार्च

काय लिहू आता. बसले आहे पेन घेऊन.

सकाळी परदेशातल्यांशी पडद्यावर बोलणं झालं. मध्येच लाइट गेली, जनरेटर लावला, पुन्हा जोडलं. तिकडच्या प्रमुख बाई म्हणाल्या, सगळ्या देशांत तुमच्या केंद्राचा मेळ सर्वांत चांगला. सर्वांत! मी हवेत. युनिटमध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं, चहा मागवला.

आणि रेडिओ बोलून गेला, "मेळ बसणारच मॅडम! सरांचं चौतीस तर आम्हाला पाठ आहे."

दोघं-तिघं हसले. मग एकदम कुणीच हसेना.

"पाठ म्हणजे?"

"तसं नाही मॅडम..."

"मग कसं?"

बाकीचे कप घेऊन पसार झाले. रेडिओची बोलती बंद, आयुष्यात पहिल्यांदा. मी दार लावलं. मग हळूहळू निघालं. नव्या बॅचला पहिल्याच दिवशी सीनियर सांगतात — सरांचं चौतीस, लक्षात ठेवा, मॅडमना दुसरं चालत नाही. त्याला त्याच्या सीनियरने सांगितलं. त्या सीनियरला एकेचाळीस येत होतं, तरी त्याने चौतीस लिहिलं.

"आणि तुला? किती आलं होतं तुला?"

"सत्तेचाळीस."

"मग?"

"मग टोक सरकवत गेलो मॅडम. नळीच्या कडेला काप घेतला की आकडा लहान येतो. चौतीस येईपर्यंत सरकवलं." वर म्हणतो, "सत्तेचाळीस म्हणजे तिरका काप, मॅडम. तुम्हीच म्हणता ना, की तिरका पडतो. वाटलं, माझंच चुकत असेल. सगळ्यांचं कसं चुकेल?"

मी त्याला जा म्हटलं. रागावलेसुद्धा नाही. कोणत्या तोंडाने रागावणार!

म्हणजे मुंगीचा हात शनिवारी सुंदर फिरला तो यासाठी. मुंगीला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून ती आठवडाभर खरं बोलत राहिली. शेवटी कुणीतरी दया येऊन कानात सांगितलं असेल. आणि मी टाळ्या वाजवल्या.

एकेचाळीस. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. आकडा चढत चाललाय, आणि ज्याचा चढतोय तो आत्ता बाहेर कणीक मळतोय.

बुधवार, १५ मार्च

बघितलं नाही अजून.

बघायला काय लागतं? टेबल आहे, मशीन आहे, नवरा आहे. मलाच धीर होत नाही. पेशंट म्हणून हाच माणूस दारातून आत आला असता तर खुर्चीत बसायच्या आत ओळखलं असतं मी! हा असा ताड, हात गुडघ्यापर्यंत, बोटं लांबसडक. अशांची एओर्टा वर्षानुवर्षं फुगत जाते आणि एक दिवस फाटते. हे मी शिकवते. फळ्यावर चित्र काढून शिकवते. पन्नासच्या आसपास गेली की ऑपरेशन, थांबायचं नाही. शिकवताना माझ्या मागे टेबलावर कोण पडलेला असायचा?

सासूबाई भाजी निवडत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मामंजी कशाने गेले. "अगं, किती वेळा सांगितलंय तुला," म्हणाल्या. "याच्यासारखेच उंच. पाठीत कळ आली म्हणाले, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन येईपर्यंत संपलं सगळं." किती वेळा सांगितलंय. खरंच सांगितलंय! लग्न झाल्यापासून ऐकतेय. आणि दरवेळी हूं म्हणून दुसऱ्या खोलीत गेलेय.

गुरुवार, १६ मार्च

आजही नाही. जनरेटरला डिझेल नव्हतं. होतं. थोडं होतं.

शुक्रवार, १७ मार्च

गॅस संपला. बांबूने नवा सिलिंडर आत आणायला शेजाऱ्याला हाक मारली. कधी नव्हे ते! एरवी दोन सिलिंडर दोन हातांत घेऊन जिना चढणारा माणूस. मला इतकं हायसं वाटलं की का बोलावलंस हे विचारलंच नाही. विचारलं असतं तर पुढचं बोलावं लागलं असतं.

खाई त्याला खवखवे. तो हसला तरी मला वाटतं, याला काही कळलंय का?

शनिवार, १८ मार्च

आज दवाखान्यातल्या माझ्या खोलीत दार लावून बसले. बाहेर भिंतीवर सगळ्या बॅचचे फोटो आहेत, प्रत्येकात मधोमध मी. आणि कडेला बांबू, कारण उंच माणूस कडेलाच उभा करतात.

ही पोरं कुठे कुठे पांगलीत. शाळांमधून मुलांची हृदयं तपासतात, बाळंतिणींची तपासतात. त्यांच्या आकड्यांवर मोठे मोठे लेख निघाले, सरकारने औषधं मागवायची ती त्यावरून. आणि त्या प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात माझ्याकडून काय शिकलं? डोळ्यांना दिसतं ते लिहायचं नसतं. मॅडमच्या मनात असतं ते लिहायचं. संशोधक घडवते म्हणून मिरवत होते. होयबा घडवले मी, होयबा! एक आली होती नाही म्हणणारी, तिलाही सरळ केलं.

तिच्या जिल्ह्यात आज कुणीतरी टेबलावर झोपलं असेल. ती मोजत असेल. खरं लिहीत असेल ना? की विचार करत असेल, मॅडमना किती लागेल?

फोन करायला तीनदा उचलला. काय सांगू तिला? तुझं बरोबर होतं? मग ती विचारेल, सर कसे आहेत. आणि मला माहीत नाही! हेच खरं. चार दिवस झाले, मी त्याच्या छातीकडे बघितलं नाहीये. कपडे बदलताना तोंड फिरवते.

उद्या. उद्या नक्की. रविवारी युनिट रिकामं असतं.

रविवार, १९ मार्च

दुपारी जेवणं झाल्यावर म्हटलं, "चल जरा दवाखान्यात. नवं मशीन आलंय, तपासून घ्यायचंय. छाती लागेल तुझी." किती सहज खोटं बोलते मी! तो लगेच उठला. कुरकुर नाही, काही नाही. मला वाटलं होतं, रविवारची झोप मोडली म्हणून बोंबलेल. चपला घालून दारात उभासुद्धा राहिला.

युनिटमध्ये कुणी नव्हतं. पडदे ओढले. तो शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपला, सवयीने. मी टोक तळहातावर चोळून गरम केलं. त्याने वळून माझ्याकडे बघितलं.

मग मी पडदा बघितला.

मोजायची गरजच नव्हती! लांबूनही दिसलं असतं. नळी कुठली, फुगलेला कांदा होता तो. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर मी दिवाच पाठीमागे धरून उभी होते. काप सरळ घेतला, वरून घेतला, खालून घेतला. मीसुद्धा टोक सरकवून बघितलं! लहान आकडा कुठे सापडतो का म्हणून कडेला गेले. सापडला. चौतीस सापडला. मग परत मधोमध आले. एकोणपन्नास.

"श्वास सोड," मी म्हटलं. आवाज बरा निघाला.

"किती आहे गं?" त्याने विचारलं. सहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

मी पडद्यावर बघत होते. आकडा समोर होता. आणि मी म्हटलं, "चौतीस."

"चौतीस?"

"चौतीस. नेहमीचंच."

त्याने तोंड पुन्हा भिंतीकडे केलं. मग म्हणाला, "बरं." उठला, छातीवरचं जेल स्वतःच पुसलं, शर्ट घातला. घरी येताना रस्त्यात भाजी घेतली आम्ही. तो पालेवाल्या बाईशी हुज्जत घालत होता, मी पिशवी धरून उभी होते. पिशवी जड झाली तरी त्याच्या हातात दिली नाही.

का म्हणाले मी असं? त्याला घाबरवायचं नव्हतं, हे खोटं. मलाच ऐकायचं नव्हतं माझ्या तोंडून. उद्या सकाळी चहाला सांगते. सांगणारच.

सोमवार, २० मार्च

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "पन्नास आहे. गेल्या सोमवारी सीटी स्कॅन करून आलो. चष्म्याची थाप मारली तुला."

मुंगीने सांगितलं होतं त्याला, परीक्षा झाल्या झाल्या, नळापाशी. सर, कागदावर चौतीस लिहून आलेय, पण तुम्ही दुसरीकडे दाखवा. मॅडमना सांगू नका, मशीन परत घेतील. पुढच्या महिन्यात बाहेरून ऑपरेशन करणारे डॉक्टर येतात, त्यांच्याकडे त्याचं नावसुद्धा तिनेच फोन करकरून घातलंय.

"मग काल माझ्याकडून मोजून कशाला घेतलंस?" मी ओरडलेच.

"मोजून नाही गं घेतलं," तो म्हणाला. "वाटलं, मला तरी तू खरं सांगशील."